रेसिपे म्हणजे घे

दिवाळीनंतर मंजुषा चार वर्षांच्या वर्षालीला घेऊन अमरावतीहून देवळीला माहेरी आली, ती परत न जाण्यासाठीच. नवऱ्याने, धनंजयने, याआधीही हात उचलला होता. या खेपेला त्याने लेकीसमोर उचलला.

वडील किसनराव अंगणात बसले होते. त्यांनी तिच्या गालाकडे पाहिलं, हातातली पिशवी घेतली आणि एवढंच विचारलं, "जेवली का?"

आई, विमलाबाई, मात्र घाबरली. "राहा थोडे दिवस. मग समजावून सांगू त्याले," ती म्हणत राहिली.

घर लहान. आतली खोली वेचणीच्या कापसाने छतापर्यंत भरलेली. मायलेकी बाहेरच्या खोलीत आईजवळ निजल्या. आठवडाभरात किसनरावांनी गाडी बोलावली आणि कापूस व्यापाऱ्याला देऊन टाकला. खोली झाडून तिथे पलंग टाकला. भाव बरा आला असेल, असं मंजुषाला वाटलं.

बारावी सायन्सचे तिचे मार्क चांगले होते. पुढच्या हंगामात तिने वर्ध्याच्या एका कॉलेजात फार्मसीच्या पदविकेला नाव घातलं. वर्गातली पोरं तिच्याहून कितीतरी लहान. ती मागच्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही.

प्रिस्क्रिप्शन कसं वाचायचं, हे प्रेमदास सर शिकवायचे. विद्यार्थी असताना पाठ केलेल्या चार लॅटिन शब्दांनी त्यांना असं वेड लावलं होतं की पुढे त्यांनी जाडजूड शब्दकोश आणून ती भाषा घरीच शिकून घेतली. एका सकाळी त्यांनी फळ्यावर मोठा इंग्रजी आर काढला आणि त्याच्या पायावर आडवी रेघ मारली.

"डॉक्टर चिठ्ठीच्या सुरुवातीला हे लिहितात. मूळ शब्द रेसिपे. लॅटिनमधलं आज्ञार्थी क्रियापद. अर्थ, घे."

मंजुषाने नकळत हात वर केला. "सर, घे कोणाले म्हणते? पेशंटले की दुकानदाराले?"

सर खूश झाले. "औषध बनवणाऱ्याला. तू ही ही द्रव्यं घे आणि औषध तयार कर. म्हणजे तो शब्द तुमच्यासाठी आहे, पेशंटसाठी नाही." मग ते टेबलाला टेकून उभे राहिले. "पण नुसतं घे म्हणून भागत नाही. मूळ क्रियापद रेसिपेरे. रे म्हणजे परत, कापेरे म्हणजे घेणं. आपलं घेणं किती ठिकाणी चालतं, सांगा पाहू."

"दम घेणं," कोणीतरी म्हणालं. "मनावर घेणं." "मांडीवर घेणं."

"घरात घेणं," मंजुषा म्हणाली.

"हां! रेसिपेरेचंही तसंच. गेलेलं शहर लढून परत घेतलं, तर रेसिपेरे. पाहुण्याला छपराखाली घेतलं, तरी रेसिपेरे. एखाद्याची जबाबदारी अंगावर घेतली, शब्द दिला, त्यालाही हेच. अन् सैन्य स्वतःला परत घेतं, म्हणजे मागे येतं, सावरतं, तिथेही हेच क्रियापद."

तास संपल्यावर ती टेबलाशी थांबली. "सर, सैन्य मागे येते, म्हणजे ते हरलं ना?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती. "नेहमीच नाही. पळून जाण्याला त्यांच्याकडे दुसरं क्रियापद आहे. यात माणूस सुरक्षित जागी येतो, श्वास घेतो. पुढचं पुढे."

त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीशी बसून रडली. पण बऱ्याच महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. तिची हकीकत ठाऊक नसलेल्या माणसाने न विचारताच तिला बरं वाटेल असं काही सांगितलं होतं.

हिवाळ्यात किसनरावांचे मोठे चुलतभाऊ बबनराव धनंजयचा निरोप घेऊन आले. खाटेवर बसत म्हणाले, "किसना, जावई न्यायले तयार आहे. पोरीले काऊन बसवून ठेवलं? लोक बोलून राह्यले."

"बोलू दे, दादा."

"तुले काही समजतच नाई. मागच्या साली सगळ्यांनी कापूस ठेवला, तू घाईने देऊन बसला. मग भाव चढला, तवा कसा पाहत राह्यला?"

"पोरीले खोली पाहिजे होती," किसनराव म्हणाले.

दारात उभ्या मंजुषाला कळलं, ती कोणत्या खोलीत निजत होती ते. विमलाबाई चहा घेऊन येत होती, ती जागीच थांबली. मग तिने कप बबनरावांसमोर ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या. पण पोरगी नाई जाणार."

आईच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं मंजुषाला वाटलं नव्हतं. ती पुढे आली. "मोठे बाबा, त्यांले सांगा, मी आता वकिलामार्फतच बोलीन." बबनराव चहा पिऊन उठले. जाताना त्यांनी वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढे रीतसर फारकत झाली. मंजुषा पास झाली आणि देवळीतल्याच एका औषधाच्या दुकानात तिला नोकरी लागली. पेढे घेऊन ती वडिलांसोबत वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेला सरांच्या घरी गेली. तिने वाकून नमस्कार केला आणि त्या दिवशीच्या तासाने आपल्याला काय दिलं ते सांगितलं. "मी तर फक्त अर्थ सांगितले होते, बाई," सर म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले. मग सर आणि किसनराव तुरीवरच्या अळीबद्दल बोलत बसले. सरांच्या भावाचं शेत होतं, त्यामुळे बोलणं लांबलं.

परतताना रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहताना मंजुषा म्हणाली, "बाबा, तुम्ही मले तवा घरात घेतलं नसतं तर?"

तिने असं काही विचारावं, हेच किसनरावांना समजत नव्हतं.

"असं कसं नसतं घेतलं?" ते म्हणाले. लांबून देवळीची बस दिसली, तसा त्यांनी हात वर केला.