आंब्याच्या वासाचा ढग

समुद्राजवळच्या उम्लाझी वस्तीतल्या टॅक्सीतळावर ह्लेंगीवे बायकांच्या वेण्या घालायची आणि मधल्या वेळात बॅटरीवर चालणारा व्हेप ओढायची. ओढायची कसली, सोहळाच तो! मान मागे टाकून असा ढग सोडायची की रांगेतल्या शाळकरी पोरी बघतच राहायच्या. ढग उन्हात निळसर व्हायचा, पिकल्या आंब्याचा वास दरवळायचा आणि सगळा तळ क्षणभर तरंगू लागायचा.

"सिसी, तंबाखू ना गं हा?" एखादी विचारायची. सिसी म्हणजे ताई.

"वेडी की काय! तंबाखूने माझी आई खाल्ली. मी शिवेन त्याला? नुसती वाफ आहे ही."

हे ती अगदी मनापासून म्हणायची, हेच तर वाईट. आई छातीच्या दुखण्याने गेल्यापासून त्या घरात पूर्वजांपुढे रिवाजाची तपकीरसुद्धा ठेवत नसत. व्हेपच्या खोक्यावर निकोटिन लिहिलेलं होतं, पण बारीक अक्षरांत. आणि आंब्याचं चित्र एवढं मोठं असताना अक्षरं वाचतो कोण? धाकटी लोंडेका, अकरा वर्षांची, बहिणीच्या पायाशी मणी ओवत हे सगळं ऐकायची.

एका दुपारी समुद्रावरून धुकं चढलं, तळ रिकामा झाला. ह्लेंगीवेने खिसा चाचपला तर व्हेप नाही. कपाळ ठणकू लागलं होतं. चडफडत ती घरी आली.

परसातल्या गोल खोपीचं दार किलकिलं होतं आणि आतून धूर येत होता. या खोपीत मालुमे, म्हणजे आईचा भाऊ, इम्पेफोची वाळकी पानं जाळून गेलेल्यांना नावानिशी हाका मारायचा. तोच आला असेल म्हणून तिने चपला काढल्या, वाकून आत शिरली.

आत सगळं पांढरं होतं. दाराच्या फटीतला उजेड त्या पांढऱ्यात हळूहळू पोहत होता. इम्पेफोचा कडवट वास कुठेच नव्हता. वास आंब्याचा होता. आई आंब्याची कोय पांढरी होईपर्यंत चोखायची, मग हसायची. आली, खरंच आली, असं ह्लेंगीवेला वाटलं आणि इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"आई?"

ढग खोकला. ढगातून लोंडेका निघाली, हातात व्हेप.

"काय करतेस गं इथे, भवाने?"

"आईला बोलावतेय. धुरावरच येतात ना गेलेले? मालुमेचा धूर कडू असतो. आईला आंबा आवडायचा."

"अगं, म्हणून हा ओढायचा?"

"तूच म्हणालीस वाफ आहे. तंबाखू असता तर मी आईपुढे आणला असता का?"

ह्लेंगीवे तिच्यापुढे खाली बसली. "कधीपासून?"

"नाताळपासून. तू आंघोळीला गेलीस की. आधी ठसका लागायचा, आता नाही लागत."

विचारू नये ते तिने विचारलं. "आली का गं आई?"

"अजून नाही." पोर जवळ सरकली आणि गुपित सांगावं तसं पुटपुटली, "पण आता एक दिवस नाही ओढलं की डोकं दुखतं, सिसी. वर्गात हात थरथरतात. पूर्वज बोलावतात तेव्हा असंच होतं, मालुमे म्हणतो. आईच बोलावतेय ना मला?"

केवढी आशा होती त्या चेहऱ्यावर! हो म्हणून टाकावं, असं ह्लेंगीवेला फार वाटलं. तेच डोकं तिचंही दुखत होतं, या क्षणाला. बोटं आपसूक त्या व्हेपकडे निघाली होती. तिने ती मागे घेतली. खोक्यावर बारीक अक्षरांत काय असेल ते आता तिला कळलं.

"नाही गं राणी. ती आई नाही."

"मग कोण बोलावतंय?"

"तंबाखू."

लोंडेकाने एकदा हातातल्या व्हेपकडे पाहिलं, एकदा आईला हाका मारायच्या त्या जागेकडे. मग व्हेप टाकून ती उठली आणि दोन्ही हातांनी तो ढग दाराबाहेर ढकलू लागली, रडत, जिवाच्या आकांताने. ह्लेंगीवेने दार सताड उघडलं, अंगावरची शाल सोडली आणि तीही वारा घालू लागली.