एकशिंगीला हाक

आमच्या म्हाताऱ्या हरिणीला, एकशिंगीला, कापायचं सकाळी ठरलं आणि मी कडाकडा भांडले. ऐन थंडीत पाऊस पडून बर्फावर टणक खपली धरली होती. खालचं दगडफूल हरणांना खुरांनी उकरता येईना. कळप उपाशी, आम्हीही उपाशी.

"तिच्या तोंडात दात उरले नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "खपली हटली तरी ती काय चावणार? का एखादी गाभण कापू? तूच सांग."

बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. तिची आई मेली तेव्हा एकशिंगी एवढीशी होती. मीच तिला तंबूत घेऊन वाढवलं. आता सगळा कळप तिच्या मागे चालायचा.

माझा नवरा तेग्रिन फासाची दोरी घेऊन निघाला. एकशिंगीने दोरी पाहिली मात्र, उधळलीच. थेट गोठलेल्या समुद्रावर! तिच्यामागे दोनशे हरणं, आणि त्यांच्यामागे हा शहाणा दोरी फिरवत.

"तेग्रिन, मागे फिर!" मी किनाऱ्याकडून ओरडत धावले.

वारा जमिनीकडून सुटला होता. माझ्या डोळ्यांदेखत बर्फ तडकला. मी अलीकडे, ते सगळे पलीकडे. भेग आधी बोटभर होती, बघता बघता वीतभर झाली. काळं पाणी दिसलं तशी हरणं बिचकून दूर सरकली. थोड्या वेळात तो अख्खा तुकडा कळपासकट, नवऱ्यासकट समुद्रात निघून गेला असता. होडी आमच्याकडे नव्हती.

तेग्रिन हाकलायला गेला की एकशिंगी आणखी आत पळायची.

"अरे, दोरी टाक! दोरीलाच घाबरतेय ती!"

त्याने दोरी फेकून दिली आणि भेगेपर्यंत धावत आला.

"आता इथेच मूत! खाराच्या वासाने येईल."

हसू नका. आमची हरणं त्या खारासाठी वेडी होतात. कळप बोलवायचा तर असाच. तेग्रिन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. उभाच राहिला.

"होत नाहीये!"

"काय होत नाहीये?"

"अगं, भीतीने आत गेलंय!"

"धन्य आहेस बाबा!"

सकाळी भांडता भांडता मी चार वाट्या चहा प्यायले होते. लाज कसली अन् काय कसलं, बसले तिथेच भेगेच्या काठाशी. बर्फातून वाफ निघाली. मग ती पिल्लू असताना द्यायचे तशी हाक दिली, "गोक्, गोक्, गोक्."

एकशिंगीने मान वर केली. हुंगलं. एकेक पाऊल टाकत ती काठाशी आली आणि थांबली. भेग आता हातभर झाली होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"ये गं बाई. ये."

तिने उडी मारली. मग सगळा कळप तिच्यामागे. एक पिल्लू घसरलं, त्याला तेग्रिनने शिंगाला धरून ओढलं. सगळ्यांच्या शेवटी तो स्वतः आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. दोरी पलीकडेच राहिली आणि तुकड्याबरोबर वाहत गेली.

एकशिंगी माझ्या पायाशी बर्फ चाटत होती. तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. हातात सुरी.

"आता उभीच आहे," त्या म्हणाल्या. "दोरीचीसुद्धा गरज नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी बोलावलं म्हणून आली ती! दात नाहीत म्हणून कापायची ना? मग तुमच्या तोंडात किती आहेत?"

तेग्रिन खाली मान घालून बुटातलं पाणी काढत बसला. सासूबाईंनी हिरड्यांवरून जीभ फिरवली.

"दोन," त्या म्हणाल्या.

एकशिंगीने मानही वर केली नव्हती. सासूबाईंनी सुरी म्यानात घातली.

"कुऱ्हाड आण. तिच्यापुरती खपली फोडू. दगडफूल कोमट पाण्यात भिजवून दिलं की चावावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "मी माझा वाळका मासा तसाच खाते."