वरच्या घरातली मोरी

"आई, अजून वास येतोय. तुझ्या ब्लीचचा, आणि त्या घाण पाण्याचाही," मुग्धा माझ्या कानाशी कुरकुरली. हॉस्पिटलमधून तान्ह्या लेकीला घेऊन ती नुकतीच माझ्याकडे आली होती.

खिडकी उघडायला गेले, तर वेलिंग्टनचं आभाळ काळंकुट्ट. तशीच लावून घेतली.

आमची गल्ली उताराची, जुन्या लाकडी घरांची. भाडं कमी, कारण रस्त्याखालचे पाइप थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जायचं. जोराचा पाऊस आला की सगळं आमच्या बाथरूमच्या जाळीतून वर. यंदा काउन्सिलने रस्ता खणून दोन्हींचे पाइप वेगळे केले. मी तर कामगारांना भजी नेऊन दिली. आणि गेल्या आठवड्यात जरासा पाऊस झाला, तर बाथरूममध्ये पुन्हा घोट्याएवढं काळं पाणी. बाळाला निजवण्याइतकी उबदार खोली एकच, तीही बाथरूमला लागून.

कारण मला ठाऊक होतं. वरच्या घरातल्या गुरुदत्तलाही. त्याच्या मागच्या अंगणात, नळाखाली, सांडपाण्याच्या पाइपाचं तोंड होतं, पाऊस आत जाऊ नये म्हणून उंच काठाचं. त्याच्या आईला, नीलिमाकाकूंना, सिंकपाशी उभं राहून भांडी घासवेनात. म्हणून त्याने हौसेने काठ फोडला, फरशी घातली, अख्ख्या अंगणाला तिकडे उतार दिला. छान पुण्यासारखी मोरी झाली. फक्त अंगणातला सगळा पाऊस आता मैल्याच्या पाइपात जायचा, आणि तो पाइप आमच्या घराखालून जातो.

पण बोलणार कोण? हे घर आम्हाला गुरुदत्तनेच मिळवून दिलं. दोन्ही घरांचा मालक एकच. त्याला ती फोडाफोड कळली, तर म्हातारीसकट ते रस्त्यावर. म्हणून आम्ही सगळे काकूंची थालीपिठं खात काउन्सिलला नावं ठेवायचो.

पाऊस कोसळायला लागला. जाळी गुडगुडली. मी तिच्यावर जुने टॉवेल कोंबले, वर वीट ठेवली. विटेच्या कडेने पाणी आलंच.

मुग्धा बाळाला छातीशी धरून पलंगावर उभी राहिली. "आई, हिला काही इन्फेक्शन झालं तर?"

पाणी उंबऱ्याशी आलं होतं.

गुरुदत्त बादल्या घेऊन धावत आला, एका पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, दुसरी बहुतेक वाहून गेलेली. "सुनीताताई, या काउन्सिलला ना हीप्स, ढीगभर शिव्या घालायला हव्यात! नवीन पाइपसुद्धा बोगस!"

"हो ना," मी म्हटलं. म्हणताना माझीच मला लाज वाटली.

पाणी उंबरा ओलांडून पलंगाच्या पायाकडे सरकलं. बाळ रडायला लागलं.

दारात नीलिमाकाकू उभ्या होत्या. गुडघ्यांपायी त्या कधी पायऱ्या उतरत नाहीत. चिंब भिजलेल्या, भिंतीला धरून. आधी पाण्याकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"आई, तू कशाला आलीस? वर जा बघू," गुरुदत्त म्हणाला.

"गुरू, काउन्सिलला शिव्या देऊ नकोस. हे आपल्या मोरीचं पाणी आहे."