गुरुवारी दोन ते पाच वाजू नये

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. शेवटी मला खाली उतरवलं, पोरगा घरी गेला आणि खुर्ची जिंकली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या. असं काहीही घडलेलं नाही. मी लिंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला आहे, ऐटीत आहे, आणि मला कुणाचाही हेवा वाटत नाही. प्लॅस्टिकचा तर नाहीच नाही.

माझा जन्म भट्टीतला. पूर्वी मी मिरजेकडं मीटरगेजच्या लायनीत होतो. माझ्या अंगावरून कितीतरी लोक पुण्याला गेले. मी कुठंच गेलो नाही, पण रुळांना त्याचं काही वाटत नाही. पुढं लाइन रुंद झाली आणि आम्ही अरुंद ठरलो. मला हातभर कापलं, एक भोक पाडलं आणि कृष्णाकाठच्या एका निरीक्षणगृहात धाडलं. निरीक्षणगृह म्हणजे गुन्ह्यात धरलेल्या पोरांना कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ठेवायची जागा. तिथं मी घंटा झालो. काही गुन्हा न करता तिथं चोवीस वर्षं काढलेले दोघंच, मी आणि स्वयंपाकीण धोंडुबाई.

नानासो काळजीवाहक मला लोखंडी दांड्यानं टोल द्यायचे. माझ्या टोलावर पोरं उठायची, जेवायची, रांगेत उभी राहायची. "शिस्त बघायची तर हा रूळ बघा," असं अधीक्षक साहेब पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे बघायचे. मी वाऱ्यालासुद्धा दाद न देता लटकायचो.

खरं सांगायचं तर पोरं टोल ऐकून रमतगमतच यायची. पण १९९५ च्या उन्हाळ्यात एक पोरगा आला आणि माझ्या आयुष्याचं सोनं झालं. त्याचं नाव सांगायला कायद्यानं बंदी आहे, आणि मी लोखंड असलो तरी कायदा पाळतो. आपण त्याला कोयनेचा म्हणू, कारण त्याची वाडी कोयनानगरच्या वरल्या अंगाला होती. कराडात त्यानं सायकल चोरली होती. चालवता येत नव्हती, म्हणून ढकलत नेताना सापडला.

मित्रांनो, हा पोरगा माझ्या टोलावर धावायचा! पहिला ठोका पडला की ताटावरून, अंथरुणातून, असेल तिथून उठायचा, बारक्या नावाच्या सगळ्यात लहान पोराचं मनगट धरायचा आणि थेट मैदानाच्या मधोमध जाऊन उकिडवा बसायचा. चोवीस वर्षांत मला एवढा मान कुणी दिला नव्हता. मला वाटलं, हा माझा भक्त आहे.

नानासोंना तसं वाटलं नाही.

"ह्ये बेणं रोज पळतंय आनि मला रोज धराय लावतंय," ते धोंडुबाईला म्हणायचे. "गुडघं गेलं माझं."

"आवं, पन पळून जातंय कुठं?" धोंडुबाई भाकरी थापता थापता विचारायची. "मैदानात तर बसतंय."

"ते मला काय ठावं? मी फकस्त लिवून ठेवतो."

आणि आठवड्यातून एकदोनदा, वही हाताशी असली की, ते लिहायचे. 'पळून जाण्याचा प्रयत्न.' पुढच्या ओळीत 'दुसऱ्या मुलास पळवून नेण्याचा प्रयत्न.' बारक्याला पळवून नेलं जाणं आवडायचं, कारण मैदानात ऊन असायचं. त्याला कुणी विचारलं नाही. कोयनेच्यालाही नाही. तो एक शब्द बोलायचा नाही, म्हणून त्याच्या फायलीत 'उद्धट' असंही पडलं. दिवाळीनंतर त्याची तारीख होती. घरी सोडायचं की दोन वर्षांसाठी लांबच्या मोठ्या गृहात धाडायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. आणि फायलीत पळण्याचे एक्केचाळीस प्रयत्न जमले होते.

अशा वेळी लोंढे बाई आल्या. समुपदेशक म्हणून, सहा महिन्यांसाठी, दर गुरुवारी, मिरजेहून एस.टी.नं. त्यांना बसायला खोली नव्हती. एका खोलीत जुन्या फायली होत्या आणि दुसरीत त्या फायली कुठं आहेत हे सांगणाऱ्या फायली. म्हणून बाई लिंबाखाली बसल्या, माझ्या बरोबर खाली. खुर्ची त्यांनी स्वतःची आणली. लाल, प्लॅस्टिकची, साच्यातून एका मिनिटात निघालेली. मी भट्टीतून आलो, आगगाड्या सोसल्या, आणि ही एका मिनिटात! बाई जमिनीवर बसायच्या आणि पोराला खुर्चीवर बसवायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, "गुरुवारी दोन ते पाच हा रूळ वाजू नये. टोल पडला की पोरं अर्ध्या वाक्यात उठून जातात."

मला! गप्प! आठवड्याला तीन तास!

त्या तीन तासांत मी काय काय बघितलं. माझ्यापुढं कधी नाक न शिंकरलेली पोरं त्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडायची. सांगलीचा एक दांडगा पोरगा तर खुर्चीच्या हातावर डोकं ठेवून झोपला, आणि बाईंनी उठवलं नाही. गुरुवार आला की पोरं सकाळपासून केस विंचरायची. माझ्यासाठी कधी कुणी केस विंचरले होते? खुर्चीत एवढं काय होतं? तिला चार पाय होते, कबूल. पण माझा आवाज पार नदीपर्यंत जात होता.

पाचव्या गुरुवारी माझा भक्त तिच्यावर बसला. मी साखळीला पीळ पडेपर्यंत तोंड फिरवलं. कान मात्र फिरवता आले नाहीत.

"टोल पडला की कुठं पळतोस रं?" बाईंनी विचारलं.

मग तो बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही खुर्चीवर बसून.

"भाईर. मोकळ्यात. आमच्या वाडीत भुई हालली की असाच रूळ बडिवत्यात. वाजला की घरात थांबायचं न्हाई."

"आणि बारक्याला का ओढतोस?"

"त्यो लय झोपाळू हाय. त्याला ऐकू यायचं न्हाई." तो नखं कुरतडायला लागला. "मागल्या बारीला मी एकलाच भाईर पळालो. धाकटी आतच ऱ्हायली. भित पडली तिच्या पायावर."

"हे इथं कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुनी इचारलंच न्हाई की बाई."

मित्रांनो, मला वाटत होतं तो मला मानतो. आणि मी तर दिवसातून सात वेळा त्या पोराच्या बहिणीवर भिंत पाडत होतो. तरी त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? हे त्यानं मला का नाही सांगितलं?

बाई तडक साहेबांकडं गेल्या. ऑफिसची खिडकी लिंबाकडंच होती.

"साहेब, एक्केचाळीस वेळा पळाला म्हणता. फाटक किती वेळा उघडं होतं?"

"बाई, फाटकाचा कडीकोयंडा तुटून वर्ष झालं. ते उघडंच असतं."

"मग पळणारा पोरगा मैदानात का बसतो?"

साहेबांनी फाईल चाळली. 'का' असा रकाना त्यात नव्हता.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "रूळ उतरवा."

बाईंनी सगळं लिहून कोर्टात दिलं. दिवाळीनंतर पोराला घरी सोडलं, महिन्याला एकदा बाईंना भेटायच्या अटीवर. निघताना तो स्वयंपाकघराच्या मागं आला. मी तिथं जळणाच्या चिंचेच्या फोकांवर आडवा पडलो होतो. त्यानं बोटाच्या पेरानं मला हळूच ठोकलं. आडवं पडलेलं लोखंड वाजत नाही. नुसतं टक् झालं. तो थांबला, पळाला नाही. पुन्हा एकदा ठोकलं. मग नानासोंनी हाक मारली, "चल रं गड्या, यष्टी जाईल," आणि तो चालत गेला.

आता नानासो पोरांना नावानं हाका मारतात. त्यांचा घसा बसलाय. बाईंचे सहा महिने संपले, नेमणूक पुढं वाढली नाही. खुर्ची साहेबांच्या ऑफिसात गेली, खिडकीपाशी, पंख्याखाली. पंख्याखाली! तिच्यावर आता पाण्याची घागर असते. नुकताच वाईकडचा एक नवा पोरगा आला. अकरा दिवस झाले, तो अर्धी भाकरी खातो आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. फायलीत लिहिलंय, 'शांत. वर्तन समाधानकारक.'

सबब, मा. अधीक्षक साहेबांचे सेवेशी अर्ज करतो की, सदर खुर्चीवरील घागर तत्काळ अन्यत्र हलवावी. लोंढे बाईंची नेमणूक कायम करून त्यांचा गुरुवार आठवड्याचे सातही दिवस धरण्यात यावा. प्रत्येक पोराच्या फायलीत पहिल्याच पानावर 'का' हा रकाना छापून घ्यावा व तो पोरालाच विचारून भरावा. वाईकडील पोराचे प्रकरण वरील सर्व मंजुरीची वाट न पाहता आजच लिंबाखाली घ्यावे. आणि ही कामे उरकल्यावर वेळ शिल्लक राहिल्यास अर्जदाराचेही दहा मिनिटे ऐकून घ्यावे. अर्जदाराच्या वजनाने खुर्ची मोडण्याची शक्यता असल्याने अर्जदार जमिनीवर पडून बोलण्यास तयार आहे.