ग्लेंडाच्या फांदीची सफरचंदं

त्या नोव्हेंबरात माझ्या भावाने, ऑब्रीने, परसातल्या सफरचंदाच्या झाडाची एक जाडजूड फांदी करवतीने कापून टाकली, तेव्हा त्याचा फायदाच फायदा होता. खालच्या काकडीच्या वाफ्यावर ऊन येणार होतं. चर्चच्या कमिटीत त्याला पुन्हा ताठ मानेने बसता येणार होतं. आणि बायकोशी तीन महिने चाललेल्या, एकही आवाज न चढलेल्या भांडणात शेवटचा शब्द त्याचा होणार होता. मला मिळणार होती दोन पेट्या सफरचंदं. मी मागितली नव्हती. नको असंही म्हटलं नाही.

झाड आमच्या वडिलांनी लावलेलं. ऑब्रीला मूल झालं की पुढच्या एप्रिलमध्ये तो त्याच्यावर वेगळ्या जातीचं कलम बांधायचा. एल्डनची फांदी ग्रेव्हनस्टीनची, सप्टेंबर लागताच पिकणारी. मार्जरीची नॉर्दर्न स्पाय, ऑक्टोबरअखेरची. तिसरी ग्लेंडा झाली तेव्हा त्याने रस्त्याकडेच्या एका झाडाची काडी आणली. ते झाड बीपासून आपोआप उगवलेलं, वडिलांचं लाडकं. त्याच्या सफरचंदाला नावच नव्हतं. पुढे रस्ता रुंद झाला, ते झाड गेलं आणि सगळ्या खोऱ्यात ते सफरचंद एकट्या ग्लेंडाच्या फांदीवर उरलं. दिसायला बटाटा. तपकिरी, खरखरीत. झाडावरून काढल्यावर दगड. पण तळघरात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचं आणि मार्चमध्ये, बाकी सगळी सफरचंदं सुरकुतून पिठूळ झालेली असताना, बाहेर काढायचं. चव सांगता येत नाही. आमच्याकडचा हिवाळा त्या चवीवर संपायचा.

ऑब्री म्हणायचा, "पोरीसारखंच आहे. आधी दात पाडतं, मग गोड लागतं."

माझी भावजय व्हर्ना हिचं वर्ष बागेच्या मागे मागे चालायचं. मे महिन्यात रूबार्बच्या आंबट देठांची पाई, जूनमध्ये स्ट्रॉबेरीचा केक, ऑगस्टमध्ये ब्लूबेरी, ऑक्टोबरात भोपळा. बाग नवऱ्याची, भट्टी तिची. त्याने काय पेरायचं यात ती बोलायची नाही आणि तिने किती साखर घालायची यात तो. मुलं घर सोडून गेल्यावर तिने एक रीत पाडली: ज्याची फांदी, त्याला त्या फांदीची एक पेटी पोस्टाने. एल्डनला हॅलिफॅक्सला सप्टेंबरात, मार्जरीला मंक्टनला नोव्हेंबरात, जवळच्या शहरात नोकरीला असलेल्या ग्लेंडाला मार्चमध्ये. पेटीत चिठ्ठी कधी नसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चिठ्ठीत काय लिहायचं गं? पिकलंय, खा. ते तर दिसतंच."

आणि मग ऑगस्टमध्ये ग्लेंडा पळून गेली. ज्याच्याबरोबर गेली तो रसेल म्हणजे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचा नवरा. दोघं पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, रेड डिअरला पोचली. तिथून ग्लेंडाचं एक पत्र आलं. ऑब्रीने ते उभ्याउभ्या वाचलं आणि चुलीत घातलं.

"या घरातून तिला एक ओळसुद्धा जायची नाही," तो म्हणाला. मी तिथेच बीन्स निवडत बसले होते.

"बरं," व्हर्ना म्हणाली आणि पोळपाटावरचं पीठ लाटत राहिली.

तिने शब्द पाळला. एक ओळ लिहिली नाही. पण ऑक्टोबरअखेर तिने ग्लेंडाच्या फांदीची सफरचंदं स्वतः उतरवली, एकेक गुंडाळून तळघरात नीट मांडली. सफरचंद म्हणजे काही ओळ नव्हे. माझा भाऊ हट्टी असला तरी मठ्ठ नाही. त्याने ती मांडामांड आठवडाभर पाहिली आणि एका सोमवारी व्हर्ना मिशनच्या बायकांकडे गोधड्या शिवायला गेलेली असताना करवत काढली. फांदी तोडली, तुकडे करून सरपणात रचली, आणि सफरचंदांच्या दोन्ही पेट्या ढकलगाडीत घालून रस्ता ओलांडून माझ्या दारात आला.

"हेझल, तुझ्या डुकराला घाल."

"माझं डुक्कर गेल्या वर्षी खाल्लं आपण. मागच्या दोन्ही तंगड्या तूच नेल्यास."

"मग तू खा. पण यातलं एकही आमच्या घरात परत यायला नको. दे शब्द."

"व्हर्नाला काय सांगणारेस?"

"विचारेल तेव्हा बघू. शब्द दे."

दिला. त्याच्या ट्रॅक्टरवर माझं गवत कापलं जायचं, त्याच्या रानातून माझी लाकडं यायची. शब्द द्यायला मला फार विचार करावा लागला नाही.

व्हर्नाने त्याला काहीच विचारलं नाही. तिने झाडाकडे पाहिलं, तळघरात जाऊन आली आणि रात्रीचे बटाटे सोलायला घेतले. हे मला ऑब्रीनेच सांगितलं, जरा चक्रावूनच. त्याने मोठ्या भांडणाची तयारी केली होती. ती वाया गेली.

आता माझं. दर मार्चअखेर आमच्या चर्चमध्ये गावजेवण असतं. हॅम, बीन्स, ब्राउन ब्रेड, आणि भिंतीलगतच्या लांब टेबलावर ओळीने मांडलेल्या पाई. तिथे कुणी बक्षीस देत नाही, पण कुणाची ताटली आधी रिकामी होते ते प्रत्येक बाई कॉफी ओतता ओतता बघत असते. तेवीस वर्षं व्हर्नाची ताटली आधी रिकामी झाली होती. माझ्या पाईचे दोन तुकडे जायचे. त्यातला एक पाद्री भिडेखातर घ्यायचे. उरलेली पाई मी रुमालाखाली झाकून घरी आणायचे आणि आठवडाभर नाश्त्याला खायचे. मी एकटी. लग्न नाही, मूल नाही, म्हणून झाडावर फांदीही नाही. व्हर्ना आपल्या भट्टीतलं मला दर शनिवारी आणून द्यायची आणि म्हणायची, "जास्तीचं झालं होतं गं." ते कधीच जास्तीचं नसायचं. ते कळत असूनही घ्यायचं, याचा कंटाळा यायला लागतो माणसाला.

तर त्या हिवाळ्यात मी ती सफरचंदं जपून वापरली. जानेवारीत एक पाई केली आणि पहिल्या घासाला कळलं, की यंदा माझी ताटली रिकामी होणार. मग हात आवरला. काही सडली, काही मी खाल्ली. मार्च उजाडला तेव्हा चौदा उरली होती. दोन पाईंना सात सात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रस्त्यावर बर्फाचा चिखल झालेला, व्हर्ना आली. दार कधी वाजवायची नाही, तशीच थेट स्वयंपाकघरात. बूट काढले नाहीत, बसली नाही.

"हेझल, सरळ विचारते. ती तुझ्याकडे आणली ना त्याने?"

"आणली होती."

"त्याला तू काय कबूल केलंयस ते मला माहीत नाही, मला सांगूही नकोस. मला बारा दे. मी घरात नेणार नाही. इथूनच पोस्टात जाते."

"संपली गं," मी म्हटलं.

"सगळी?"

"बरीचशी सडली. यंदा तळघर ओलं होतं माझं."

"मग सहा दे. डागाळलेली चालतील. डाग कापून खाईल ती."

"नाहीत गं."

"दुसऱ्याच्या फांदीचं पाठवता येत नाही," ती म्हणाली, जणू मीच तसं सुचवलं होतं. "पेटी उघडल्याबरोबर कळेल पोरीला. आणि काहीच गेलं नाही, तर तिला वाटेल मीसुद्धा..." तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "एक असेल? एक कापसात गुंडाळून पाठवता येईल. कानातल्यांच्या डबीत मावणार नाही, पण चहाच्या डब्यात मावेल."

चौदा सफरचंदं आम्हा दोघींच्या पायांखाली होती, जमिनीच्या लाकडी फळ्यांच्या खाली, तीन हातांवर.

"एकही नाही," मी म्हटलं.

शब्द दिला होता म्हणून म्हटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण बारा दिली असती तर शब्द मोडत नव्हता. ती घरात नेणारच नव्हती. बारा दिल्यावर उरलेल्या दोनांत पाई होत नाही, एवढंच खरं कारण होतं.

गावजेवणाला माझ्या दोन्ही पाई कॉफी उकळायच्या आत संपल्या. पाद्रींनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली, आणि भिडेखातर नव्हे. "हेझल, इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस हे?" कुणीतरी ओरडलं. मी हसले. हसताना टेबलाच्या टोकाला पाहिलं तर व्हर्नापुढे माझ्या पाईचा एक तुकडा होता. मार्जरीच्या वयाच्या कुठल्याशा मुलीने तिला कौतुकाने आणून दिलेला.

तिने एक घास घेतला. चावायची थांबली. मग चावला, गिळला आणि काटा ताटलीच्या कडेला ठेवला, आवाज न करता. शेजारी ऑब्री आपला तुकडा खात होता. त्याला काहीही कळलं नाही. त्याने ताटलीला चिकटलेलंही खरवडून खाल्लं.

नंतर भांडी घासायला आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. माझी ताटली तिच्या हातात आली. तिने ती घासली, पुसली, उलटी करून तळाशी चिकटवलेलं माझं नाव वाचलं आणि माझ्याकडे दिली.

"छान झाली होती," ती म्हणाली. "चरबी जरा थंड घे पुढच्या वेळी. पापुद्रे सुटतील."

बस. एवढंच. मला वाटलं होतं, आता शनिवारचं बंद होईल. झालं नाही. मे महिन्यात रूबार्बची पाई आली, जूनमध्ये केक आला. फक्त ती दार वाजवायला लागली. वाजवायची, मी उघडेपर्यंत पायरीवर उभी राहायची, डबा हातात द्यायची आणि आल्या पावली निघून जायची.

पुढच्या वर्षी जुलैत, मटाराच्या शेंगा तोडताना, ती वाफ्यातच कोसळली. ऑब्रीला अर्ध्या तासाने सापडली. मार्जरीने रेड डिअरला तार केली.

ग्लेंडा आली. एकटीच. वाळली होती, हात हॉटेलच्या भांड्यांनी सोललेले. ऑब्रीने तिच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे बघत "जेवलीस का?" म्हणाला. ती "हो" म्हणाली. दफन झाल्यावर ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि तिची आई उभी होती तिथेच उभी राहिली.

"आत्या, रसेल पहिल्या नाताळलाच परत बायकोकडे गेला, माहीत असेल तुला."

"गावाला माहीत आहे."

"मी मार्चची वाट बघत होते. रोज पोस्टात जायचे. तिथला माणूस मला बघून आधीच मान हलवायचा. मी ठरवलं होतं, पेटी आली तर निघायचं. बाबा काय वाट्टेल ते बोलू देत. मटार पेरायच्या वेळी घरी." तिने नाक पुसलं. "मेपर्यंत जात होते. मग नाही गेले. म्हटलं, आईनेही सोडलं."

"सोडलं नव्हतं."

"मग?"

"तुझ्या बापाने फांदी तोडली. सफरचंदंही टाकली."

"परसात पाहिलं मी. म्हणजे कुणाकडेच नव्हती? तिने कुणाला विचारलं वगैरे?"

आता तिला जे हवं होतं ते माझ्याजवळ होतं: की तिची आई या इथे, ओल्या बुटांनी, बारावरून सहावर आणि सहावरून एकावर आली होती. ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागत होतं.

"कुणाकडेच नव्हती," मी म्हटलं. "मग विचारणार कुणाला?"

"बरं," ती म्हणाली. अगदी आईसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेली, ती आजतागायत आलेली नाही.

तर जमाखर्च असा. ऑब्रीची एक फांदी गेली, आणि शेवटची चार वर्षं तो घरात स्वतःशी बोलत हिंडला. ते त्याचं त्याने भरलं. माझी चौदा सफरचंदं गेली आणि दोन ताटल्या रिकाम्या झाल्या. उरलेलं सगळं व्हर्नाने आणि ग्लेंडाने भरलं. आपण कुणाचं भरतोय ते व्हर्नाला ठाऊक होतं. ग्लेंडाला नाही.