घाडी बंधूंची बाहेरची भिंत

जयंती मॅडमच्या मुलुंडच्या ऑफिसात भिंती उदंड झाल्या होत्या. खऱ्या नव्हेत, कॉम्प्युटरमधल्या. घरं काढायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. आधी तिचा टाइप निवडायचा. जाडी किती, वीट कुठली, गिलावा केवढा हे त्या टाइपात एकदाच लिहून ठेवायचं आणि मग तोच हव्या त्या घराला हवा तितका वापरायचा. पण माणसं कसली आळशी! असलेला टाइप शोधायचा कंटाळा, म्हणून जो तो नवा करून मोकळा. ‘जाड भिंत’, ‘जाड भिंत नवी’, ‘जाड भिंत नवी खरी’, ‘प्रीतमची, हात लावू नका’. मोजले तेव्हा एकशे चाळीस भरले.

ते निस्तरायचं काम प्रांजलच्या गळ्यात पडलं. पोरगी चिवट. पंधरा दिवसांत तिने एकशे चाळिसाचे नऊ केले. दहावा टाइप कुणी केला तर त्याने घरी बसावं, असं मॅडमनी फर्मान काढलं आणि बक्षीस म्हणून प्रांजलला तिचं पहिलं स्वतंत्र काम दिलं: भांडुपच्या घाडी बंधूंची दोन जोडघरं. शनिवारपर्यंत दोघा भावांच्या सह्या झाल्या, तर नकाशा कुणी काढला ते लिहायच्या कोपऱ्यातल्या चौकटीत प्रांजलचं नाव. नाही झाल्या, तर काम प्रीतमकडे. त्या चौकटीतलं नाव प्रांजलला इतकं हवं होतं, की ते लागलं असं तिने आईला आधीच सांगून टाकलं होतं.

घाडी बंधू म्हणजे थोरले धोंडूकाका आणि धाकटे शिवदासकाका. बापाच्या बैठ्या चाळीत शेजारी शेजारी जन्म काढलेला, आणि त्यातला निम्मा जन्म एकमेकांवर कडी करण्यात. घरं अगदी सारखी काढायची म्हणून प्रांजलने दोन्हींना एकच टाइप लावला होता: बाहेरची भिंत, नऊ इंच.

मंगळवारी धोंडूकाका एकटेच आले. इकडेतिकडे बघून खुर्ची पुढे ओढली.

“चेडवा, माझी भिंत शिवदासापरास अर्धो इंच जाड व्हयी. मी मोठो मा! पण तेका सांगू नको.”

प्रांजलने क्षणभर विचार केला. काकांसाठी वेगळा टाइप केला तर मॅडम घरी बसवणार, आणि शिवदासकाकांची सही जन्मात मिळणार नाही. तिने आहे त्याच टाइपात नऊचे साडेनऊ केले. दोन्ही घरांच्या भिंती एकदमच फुगल्या. तिने धोंडूकाकांना फक्त त्यांच्याच घराची प्रिंट दिली. काका हसत गेले.

त्यांच्या पोटात गोष्ट राहिली ती फक्त भांडुपपर्यंत. बुधवारी सकाळी शिवदासकाका दारात हजर.

“दादाची साडेनऊ? माझी धा कर!”

केली. दुपारी थोरल्यांचा फोन आला. मग धाकट्यांचा. अर्ध्या इंचांवरून गडी इंचांवर आले, इंचांवरून दोन-दोन इंचांवर. बाहेर शेजाऱ्याची जागा, त्यामुळे भिंत वाढायची ती आतच. गुरुवारी दोन्ही घरांतलं कपाट गेलं, शुक्रवारी फ्रिज गॅलरीत आला. भिंत एकवीस इंच झाली.

प्रीतमने मागून डोकावून पाहिलं. “हे घर आहे की किल्ला? वाट लागली ना तुझी!”

“गप रे. एकदा सह्या होऊ देत,” प्रांजल म्हणाली. पण तिचं तिलाही दिसत होतं, की चलाखी अंगाशी आली आहे.

शनिवारी दोघे भाऊ आले, आणि धोंडूकाकांच्या बायको रुक्मिणीकाकूही आल्या. हे मात्र प्रांजलने धरलं नव्हतं. काकूंनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला.

“न्हाणी ही? हिच्यात मी आडवी होवन शिराची काय? मेल्यांनो, भिंतीत ऱ्हवतलास?”

तेवढ्यात धोंडूकाकांचं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. तिथे दोन्ही घरं उघडी होती.

“ह्येची पण एकवीस?”

झालं! दोघे एकदम उभे राहिले. आवाज ऐकून मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“काका, चुकले मी. टाइप एकच आहे. तुमची वाढवली की ह्यांची वाढते, ह्यांची वाढवली की तुमची. पहिल्या दिवसापासून असंच चाललंय.”

प्रांजलला ती चौकट आणि तिच्यात प्रीतमचं नाव स्पष्ट दिसायला लागलं. धोंडूकाका मात्र विचारात पडले होते.

“म्हंजे माझी कमी केलंस, तर ह्येची पण कमी होतली?”

“हो.”

“मगे कर! ह्येची दोन इंच उतरव.”

एकोणीस. शिवदासकाका खवळले. “असा काय? दादाची चार काढ!”

पंधरा. “ह्येची सहा!” थोरले गरजले.

नऊ. धाकट्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तशी प्रांजल घाईने म्हणाली, “बस्स काका! ह्याच्या खाली गेलो तर पावसात पाणी आत येईल. सगळ्यात पातळ ही.”

दोघांनी पडद्यावर भावाचं घर डोळे भरून पाहिलं. बारा इंच! अख्खी एक फूट गेली होती बिचाऱ्याची! प्रांजलने लगेच नऊ इंचांची नवी प्रिंट काढली आणि धोंडूकाकांनी खिशातून पेन काढून तिच्यावर झोकात सही केली. शिवदासकाकांनी त्याच पेनाने खाली त्याहून मोठी केली. मग दोघेही, समोरच्याची चांगली जिरवल्याच्या आनंदात, एकाच रिक्षात बसायला खाली उतरले.

सह्या बघून मॅडमनी नुसती मान डोलावली आणि केबिनमध्ये गेल्या. तिथून हसू दाबल्याचा आवाज आला.

रुक्मिणीकाकू मागे रेंगाळल्या होत्या. त्यांनी प्रांजलच्या खांद्यावर हात ठेवला.

“चेडवा, दरवाजे पण एकाच टाइपाचे घाल हां.”

प्रांजलने आधी चौकटीत स्वतःचं नाव घातलं आणि मग दरवाजे.