गिरिजाची हजेरी

परतूरची गिरिजा रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला कॉलेजात जायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष. नवरा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात. घरी सासू चतुराबाई आणि चार महिन्यांचं लेकरू. बाळंतपणात तिचे बरेच तास बुडाले होते. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळणारी सूटही संपली होती. आता एक तास चुकला तरी वर्ष जाणार होतं. स्टेशनात गाडीला उशीर झाला की ती फलाटावर येरझाऱ्या घालायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी लेकराचं अंग तापलं. गिरिजानं खांद्यावरची पिशवी काढली.

"तू जा," चतुराबाई म्हणाल्या. "दवाखान्यात मी नेऊन राह्यले ना."

तास सुरू झाला आणि शिपाई दारात आला. परतूरहून शेजारच्या राधेश्याम दुकानदाराचा फोन होता. लेकराला तापात झटका आला होता.

"तास अर्धवट सोडलास तर हजेरी खोडावी लागेल," सर खालच्या आवाजात म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

गिरिजा क्षणभर तशीच उभी राहिली. आपण थांबलो, याचीच तिला भीती वाटली. मग ती पळाली.

गाडी दुपारशिवाय नव्हती. ती जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसली. लेकराचा चेहरा आठवायला गेली तर आठवेना. जीप थांबली की ती ड्रायव्हरला "चला ना" म्हणायची. दवाखान्याच्या पायऱ्यांवर चतुराबाई दिसल्या, तेव्हा ती त्यांच्या रिकाम्या हातांकडं बघत राहिली.

"हाये, हाये," सासूच म्हणाली. "सलाईन लावलंय. मघाशी रडलं बी."

गिरिजा तिथंच खाली बसली.

लेकरू वाचलं. परीक्षेचा अर्ज मात्र परत आला. चतुराबाई सुनेला घेऊन प्राचार्यांकडं गेल्या.

"साहेब, तुमच्या नेमात बाळंतपण कुठं लिव्हलंय?"

"नाही लिहिलेलं," प्राचार्य म्हणाले. "नियम विद्यापीठाचा आहे, बाई. मला मोडता येत नाही."

बाहेर आल्यावर गिरिजा म्हणाली, "मला न्हाई जमायचं आता, आत्याबाई. लई भेव वाटतं."

"मला बी वाटतं," चतुराबाई म्हणाल्या. "जूनमधी परत नाव घालू."

जूनपासून तिघं गाडीनं जाऊ लागली. सासू लेकराला घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात बसायची. नाव पुकारलं की गिरिजा आधी व्हरांड्याकडं बघायची, मग "हजर" म्हणायची. पुढच्या उन्हाळ्यात ती पास झाली.